घराकडे पाठ करून : कुवेत ते अम्मान, १९९०

आजचा धागा एका रस्त्याविषयी आहे, विमानांविषयी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण १९९० च्या कुवेतचा विषय निघाला की बोलणे विमानांपाशी सुरू होते आणि विमानांपाशीच संपते. धागा बराच लांब आहे. सवडीने वाचावा.

पवईत आमच्या शेजारी एक वयस्कर दांपत्य राहते. त्यांच्या दाराआड किल्ल्या अडकवण्याची एक लाकडी पट्टी आहे. तिच्यावर घराची, कपाटाची, रत्नागिरीकडच्या गावच्या घराची अशा किल्ल्या लटकतात, आणि एक किल्ली मोटारीची आहे. त्या किल्लीची मोटार मात्र नाही. ती इराक आणि जॉर्डन यांच्या सीमेजवळ, त्रेबील नाक्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला सप्टेंबर १९९० पासून उभी आहे. 'उभी आहे' हा काकांचा वर्तमानकाळ. मी एकदा 'उभी होती' म्हणून पाहिले, पण त्यांनी ते मान्य केले नाही.

विमानांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर १९९० या काळात ४८८ उड्डाणांतून १,११,७११ भारतीयांना अम्मानहून मुंबईस आणले गेले. एअर इंडियाच्या नावे असलेला हा विक्रम गिनीजच्या पुस्तकात नोंदलेला आहे. तो अभिमानास्पद आहे यात शंका नाही. पण या वाक्यात 'कुवेतहून' हा शब्द नाही, 'अम्मानहून' असा आहे, इकडे किती जणांचे लक्ष जाते? अम्मान ही जॉर्डनची राजधानी. कुवेतपासून ती रस्त्याने दीड हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मग ही लाखावर माणसे तिथवर पोहोचली कशी? जिथून विक्रम सुरू होतो तिथे या कुटुंबांच्या वाटचालीचा सर्वांत कठीण भाग संपलेला होता. त्या भागाची नोंद कोणत्याही विक्रमाच्या पुस्तकात नाही.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. कुवेतच्या पूर्वेस आखात आहे. त्याच्या मुखातून बाहेर पडून आग्नेयेस वळले की अरबी समुद्र आणि मग मुंबई. म्हणजे घर आग्नेयेला. परंतु ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतमधून निघालेली भारतीय कुटुंबे आधी वायव्येस बगदादकडे आणि तिथून सरळ पश्चिमेस अम्मानकडे गेली. घरी जायचे म्हणून दीड हजार किलोमीटर घराकडे पाठ करून चालायचे, असा तो प्रवास होता. हे असे का झाले, आणि ती वाट कोणती होती, हे आज पाहू.

त्याआधी थोडे मागे जाणे भाग आहे. मुंबई आणि कुवेत यांचे नाते मुळात पाण्यावरचे. पेट्रोल सापडण्यापूर्वी कुवेत हे जहाजे बांधणाऱ्यांचे, मोती काढणाऱ्यांचे आणि दर्यावर्दी व्यापाऱ्यांचे गाव होते. त्यांची 'बूम' जातीची शिडाची जहाजे बसऱ्याचा खजूर भरून मोसमी वाऱ्यांच्या हिशेबाने हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर येत. परतताना मलबारचे सागवान, काथ्या, तांदूळ, कापड असा माल जाई. ज्या लाकडाची ती जहाजे बनत तेही आपल्याच किनाऱ्याचे. कुवेती मोत्यांची बाजारपेठ मुंबई होती आणि तिथल्या बड्या व्यापारी घराण्यांच्या पेढ्याही मुंबईत होत्या.

नाणेही आपलेच चाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुवेतच्या बाजारात भारतीय रुपया हेच चलन होते. सोन्याची तस्करी वाढली तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या रंगांच्या खास नोटा काढल्या. १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला, तो १३⅓ रुपयांना एक या भावाने. १९९० च्या उन्हाळ्यात तोच दिनार साठ रुपयांच्या घरात होता. आपल्याकडची माणसे तिकडे का गेली, याचे उत्तर या दोन आकड्यांत बरेचसे मिळते. केरळची माणसे सर्वाधिक, पण गोव्याची, आंध्रची, पंजाबची, गुजरातची, मुंबईची आणि आपल्या कोकणातलीही कमी नव्हती. रत्नागिरी, रायगडच्या खाड्यांकाठची कित्येक घरे आखातातल्या पैशावर उभी राहिली. आक्रमणाच्या वेळी कुवेतमध्ये सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते.

२ ऑगस्ट १९९०, गुरुवार. पहाटेच्या अंधारात इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले आणि दिवस मावळेपर्यंत राजधानी त्यांच्या ताब्यात गेली. अमीर सौदी अरेबियात निघून गेले. शाळांना उन्हाळ्याची सुटी होती. अनेक बायका-मुले मायदेशी आलेली होती, आणि ज्यांनी त्या वर्षी तिकिटाचे पैसे वाचवले ती तिथेच अडकली. काकूंचे कुटुंब दुसऱ्या गटातले. धाकट्याचे दात येत होते म्हणून जाणे पुढे ढकलले, असे त्या सांगतात.

बाहेर पडायला चार दिशा होत्या, पण एकेक बंद होत गेली. विमानतळ पहिल्याच दिवशी मिटला. दक्षिणेस सौदीच्या सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या राहू लागल्या. काही जण वाळवंटातून तिकडे निसटले, पण तो मार्ग कुटुंबकबिल्याचा नव्हता. समुद्र तर सर्वांत जवळचा आणि जुन्या ओळखीचा. परंतु ६ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ६६१ क्रमांकाच्या ठरावाने इराक आणि व्याप्त कुवेत यांच्याशी व्यापार बंद केला, आणि २५ तारखेच्या ६६५ व्या ठरावाने आखातातील जहाजे अडवून तपासण्याचा अधिकार युद्धनौकांना दिला. ज्या पाण्यावरून शतकभर खजूर आणि सागवान ये-जा करीत होते ते पाणी मिटले. उरली उत्तर दिशा, म्हणजे ज्या देशाने आक्रमण केले त्याच्याच भूमीतून आरपार जाऊन पलीकडच्या जॉर्डनमध्ये निघणे.

त्यासाठी बगदादची संमती हवी होती. तत्कालीन परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल ऑगस्टमध्ये बगदादला गेले आणि सद्दाम हुसेन यांनी त्यांना मिठी मारली. ते छायाचित्र जगभर छापले गेले. त्यावर तेव्हा टीका झाली आणि आजही होते. कुवेत गिळणाऱ्याच्या मिठीत आपला मंत्री शोभला नाही, हे म्हणणे चुकीचे नाही. पण पाश्चात्त्य नागरिकांना त्या दिवसांत ओलीस म्हणून अडकवून ठेवले जात होते आणि भारतीयांना जाऊ दिले गेले, हेही त्याच तागडीत घालावे लागते. मला स्वतःला हा सौदा लाजिरवाणा वाटतो आणि आवश्यकही वाटतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

२४ ऑगस्टपर्यंत कुवेतमधील सर्व दूतावास बंद करावेत, असा हुकूम इराकने काढला. आपला दूतावास बसऱ्यास हलला. २८ तारखेला कुवेत हा इराकचा एकोणिसावा प्रांत असल्याचे जाहीर झाले. कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीला आणला गेला. आदल्या महिन्यापर्यंत तो इराकी दिनाराहून कितीतरी पट मोलाचा होता. बँकेतील शिल्लक, बहुतेकांची आयुष्यभराची, त्या एका हुकुमाने पाण्यात गेली. ज्यांचे पारपत्र मालकाच्या तिजोरीत आणि मालक देशाबाहेर, त्यांची तर ओळखही कुलूपबंद झाली. आखातातील 'कफील' पद्धतीत, म्हणजे स्थानिक जामीनदाराच्या नावावर परदेशी माणसाने राहण्याच्या पद्धतीत, पारपत्र मालकाने ठेवून घेणे ही सर्रास चाल होती. अशांना दूतावासाच्या कागदावर निघावे लागले.

कोणी बसगाड्या ठरवल्या, कोणी स्वतःच्या मोटारी काढल्या. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९९० च्या मुंबईत नोकरदार कुटुंबाने मोटार घ्यायची तर प्रीमियर पद्मिनी किंवा मारुती, आणि तीही नंबर लागण्याची वाट पाहून. कुवेतमध्ये त्याच दर्जाच्या माणसाकडे वातानुकूलित जपानी किंवा ऐसपैस अमेरिकन मोटार असे. कित्येक घरांतली ती पहिलीच मोटार होती, आणि मुलाबाळांना घेऊन केलेला तिचा पहिला खरा लांबचा प्रवास हाच ठरला. डिकीत कपडे नव्हते, पाण्याचे डबे होते. शैक्षणिक प्रमाणपत्रे, लग्नातले दागिने, खुबूस रोट्या, औषधे. 'फोटोंचे अल्बम घ्यायचे की दुधाची पावडर, यावरून आमचे भांडण झाले,' काकू म्हणाल्या. 'हे म्हणाले अल्बम. मी पावडर घेतली.'

पहिला टप्पा बसऱ्यापर्यंतचा, दीडशे किलोमीटरांच्या आतला. अब्दली आणि सफवान ही दोन देशांच्या सीमेवरची नाकी, पण हुकुमाने ती सीमाच पुसली गेली होती. कुवेतचा सपाट, घासलेला मुलूख मागे पडतो आणि शत्-अल-अरबच्या काठची खजुराची बने दिसू लागतात. तीही त्या वेळी होरपळलेली होती, कारण इराण-इराक युद्ध थांबून जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि बसरा त्या युद्धाच्या ऐन तोंडावर होता.

या भूमीत मराठी माणूस प्रथमच येत नव्हता, हे इथे नमूद करतो. १९१४ मध्ये बसरा जिंकणारी इंग्रजांची फौज मुख्यतः हिंदी होती, आणि तिचे नावच ६ वी (पूना) डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तैग्रिसकाठच्या कुत-अल-अमारा येथे ही फौज वेढ्यात सापडली, उपासमारीने खंगली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. कैद्यांना उन्हातून पायी उत्तरेकडे नेण्यात आले आणि त्यांतले असंख्य जण वाटेतच गेले. सातारा, रत्नागिरीकडच्या खेड्यांतून त्या काळात 'बसऱ्याची लढाई' हा शब्द घरोघर होता. १९९० मध्ये बसरा-बगदाद रस्त्याने जाणाऱ्या कोकणी कुटुंबांपैकी कुणाचा पणजोबा तिथे होता का, हे शोधण्यासारखे आहे. कोणी शोधले आहे असे मला दिसले नाही.

बसरा ते बगदाद साडेपाचशे किलोमीटर. जागोजागी चौक्या, प्रत्येक चौकीवर कागद आणि कधी घड्याळ किंवा टेपरेकॉर्डर. तरीही हा टप्पा वस्तीचा होता. नदी आसपास होती, पाणी मिळे आणि रात्र काढायला जागा सापडे. खरे वाळवंट बगदादनंतर सुरू होते.

बगदादहून पश्चिमेस निघाले की रमादीपर्यंत युफ्रेटिसची हिरवळ सोबत असते. मग नदी उत्तरेला वळते आणि पुढे चारशेहून अधिक किलोमीटर काहीही नसते. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या येतात. हे तसे नव्हे. हे दगडगोट्यांचे सपाट मैदान आहे. त्याला उंचवटा नाही, आडोसा नाही, झाड नाही. नजर जिथे थकते तिथे क्षितिज येते. दिवसा उन्हाने पत्रा तापतो आणि रात्री अंगावर काहीतरी घ्यावे लागते. रस्ता मात्र उत्तम होता. १९८० च्या दशकात इराकने तेलाच्या पैशातून इथे रुंद द्रुतगती मार्ग बांधला. इराणशी युद्ध सुरू असताना बसऱ्याचे बंदर निकामी झाले होते आणि जॉर्डनच्या अकाबा बंदरातून येणाऱ्या मालमोटारी हीच बगदादची जीवनवाहिनी होती. अशा रीतीने एका युद्धासाठी कामी आलेला रस्ता दुसऱ्या युद्धातल्या निर्वासितांच्या उपयोगी पडला.

या वाटेचा इतिहास मात्र त्याहून जुना आणि विलक्षण आहे. धागा थोडा आडवळणाला नेतो, माफ करा, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९२१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने कैरो-बगदाद टपाल विमानाने नेण्यास आरंभ केला. अडचण अशी की या मैदानावर वैमानिकाला दिशा दाखवणारी एकही खूण नव्हती. म्हणून जमिनीवरून मोटारी पाठवून वाटेची चाकोरी उमटवण्यात आली आणि काही भागांत चक्क नांगर चालवून रेघ ओढली गेली. ती रेघ पाहत विमाने उडत. १९२३ मध्ये नॉर्मन आणि जेराल्ड नेर्न या न्यूझीलंडच्या दोघा भावांनी दमास्कस ते बगदाद मोटारसेवा सुरू केली, आणि पुढे तिच्या बसगाड्या मोठ्या प्रसिद्धीस आल्या. उंटांच्या तांड्याला आठवडे लागत ते अंतर एक-दोन दिवसांवर आले. वाटेत मध्यावर रुत्बा नावाच्या विहिरी होत्या. तिथे एक गढी बांधली गेली, तिच्यात उतारूंसाठी खोल्या, खाणे आणि शेजारी विमानांसाठी धावपट्टी.

लंडन-कराची विमानटपाल सुरू झाल्यावर इम्पीरियल एअरवेजची विमाने याच रुत्बावरून बगदाद, बसरा करीत पूर्वेस येत. आणि कराचीला उतरलेले हे टपाल १५ ऑक्टोबर १९३२ रोजी स्वतः विमान चालवत मुंबईच्या जुहू धावपट्टीवर कोणी आणले? जे. आर. डी. टाटा यांनी. ती टाटांची हवाई सेवा म्हणजेच पुढची एअर इंडिया. ज्या वाळवंटावरून आलेल्या पत्रांच्या थैल्यांनी या कंपनीचा जन्म झाला, त्याच वाळवंटाच्या पश्चिम टोकाला ५८ वर्षांनी तिची विमाने माणसे उचलायला येऊन उभी राहिली. इतिहासात असे योगायोग क्वचितच इतके नेटके जुळतात. मात्र १९९० साली रुत्बाजवळून जाणाऱ्या कुणाला यात रस असण्याचे कारण नव्हते. त्यांना पेट्रोल हवे होते.

या पट्ट्यात आणखी एक खूण रस्त्याला सोबत करते. १९३० च्या दशकात किर्कुकचे तेल भूमध्य समुद्रावरच्या हैफा बंदरापर्यंत नळाने नेले जाई. त्या नळावरच्या उपसा-केंद्रांना नावे नव्हती, हैफाच्या आद्याक्षरावरून 'एच' आणि पुढे क्रमांक. इराकच्या हद्दीत एच-३ पर्यंत, जॉर्डनमध्ये एच-४ आणि एच-५. इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी, १९४८ मध्ये, तेल थांबले आणि क्रमांक राहिले. सीमेपलीकडचे पहिले जॉर्डनी गाव रुवैशिद म्हणजेच हे एच-४.

आणि इथेच, त्रेबीलचे इराकी नाके आणि रुवैशिद यांच्या दरम्यानच्या सत्तरएक किलोमीटरांच्या पट्ट्यात, सारे अडकले. इराकने बाहेर सोडलेले आणि जॉर्डनने अजून आत न घेतलेले असे हजारो लोक तिथे उघड्यावर साठत गेले. भारतीय, बांगलादेशी, श्रीलंकेचे, पाकिस्तानी, फिलिपिनो आणि सर्वांत अधिक इजिप्तचे. जॉर्डनची स्वतःची लोकसंख्या त्या वेळी तीस लाखांच्या आसपास. त्या दुबळ्या देशात काही आठवड्यांत लाखो माणसे शिरली. ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात गर्दी निस्तरेना म्हणून जॉर्डनने सीमा थोडे दिवस बंदही ठेवली होती. इजिप्तच्या लोकांना अकाब्याहून बोटीने सिनाईत उतरता येत होते, पण आशियाई लोकांना विमानाखेरीज गती नव्हती. म्हणून सर्वांत अधिक काळ तेच खोळंबले.

शआलान नावाची छावणी या काळात कुप्रसिद्ध झाली. तंबू अपुरे होते, पाणी टँकरने येई, आणि टँकर आला की झुंबड उडे. धुळीची वादळे होती, विंचू होते. सप्टेंबरात अझ्रककडे बऱ्या व्यवस्थेच्या छावण्या उभ्या राहिल्या आणि मग ती छावणी आवरली गेली. जॉर्डनी सरकारइतकेच सामान्य जॉर्डनी लोकांनी या काळात भाकरी आणि पाणी पुरवले. या प्रसंगाच्या आपल्या आठवणींत जॉर्डनचा उल्लेख दोन ओळींत उरकला जातो, तो कृतघ्नपणा आहे असे मी म्हणेन.

काकांची मोटार या पट्ट्यापर्यंत पोहोचलीच नाही. त्रेबीलच्या अलीकडे, रांगेत इंजिन चालू-बंद करता करता ती तापली आणि बसली. पाणी होते, पण ते रेडिएटरमध्ये घालायचे की मुलांसाठी ठेवायचे हा प्रश्न नव्हताच. मागून येणाऱ्या केरळी मंडळींच्या बसमध्ये त्यांनी चौघांना चढवून घेतले. काकांनी मोटार कडेला ढकलली, काचा वर केल्या आणि कुलूप लावले. 'अहो, कुलूप कशाला?' असे काकूंनी विचारले होते. त्याचे उत्तर त्यांना अजून मिळालेले नाही.

पुढे रुवैशिदपासून भूमी काळी होते. ज्वालामुखीच्या दगडांनी झाकलेला हा मुलूख आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा, बसाल्टचा. पवईच्या टेकड्या ज्या दगडाच्या आहेत तोच. फक्त पाऊस वजा करा. बसच्या खिडकीतून तो काळा पसारा पाहून आपल्याला घाट लागला असे काकूंना झोपेत वाटले होते. मग अझ्रक (या शब्दाचा अर्थ निळा, एकेकाळच्या पाणथळीवरून आलेला), आणि मग अम्मान.

अम्मानपासून पुढची कथा विमानांची, ती सर्वत्र मिळेल. चार हजारांहून अधिक किलोमीटरांचे ते उड्डाण आणि खाली मुंबईचे दिवे. विमाने उतरत ती सहारला, आमच्या पवईपासून सहा-सात किलोमीटरांवर. पण उतरलेल्यांतील फार थोड्यांचे घर मुंबईत होते. कुणाला कोट्टायमला जायचे होते, कुणाला जालंधरला, कुणाला रत्नागिरीला. कोकणवाल्यांची गंमत अशी की त्याच सप्टेंबरच्या १५ तारखेला रोह्याला कोकण रेल्वेची पायाभरणी झाली. रुळांचा पत्ताच नव्हता. वाळवंट ओलांडून आलेल्या या लोकांना शेवटचा टप्पा एसटीने, मुंबई-गोवा रस्त्यावरच्या पावसाळी खड्ड्यांतून काढावा लागला. काकांची चौकडी त्याच वाटेने गेली. कशेडी घाटात धाकटा पहिल्यांदा पोटभर रडला, म्हणजे आता सगळे ठीक आहे हे आपल्याला कळले, असे काकू सांगतात.

या परतीची किंमत देशानेही मोजली. तेलाचे भाव भडकले, आखातातून येणारे पैसे आटले, आणि परकीय चलनाच्या ज्या संकटाने १९९१ मध्ये भारताला गाठले त्याच्या कारणांत ही दोन्ही होती. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेने ४७ टनांच्या आसपास सोने परदेशी गहाण टाकले, आणि तेही मुंबईच्याच विमानतळावरून गेले.

आता कागदांविषयी. युद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईचा आयोग नेमला आणि इराकच्या तेलउत्पन्नातला वाटा त्याच्या हाती दिला. जगभरातून २६ लाखांहून अधिक दावे आले. त्यांतला 'अ' वर्ग केवळ यासाठी होता की २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात अर्जदाराला इराक किंवा कुवेत सोडावे लागले. या एका वर्गात नऊ लाखांवर अर्ज होते. एकट्या माणसास २,५०० डॉलर, कुटुंबास ५,०००. दुसऱ्या कोणत्याही वर्गात दावा न लावल्यास अनुक्रमे ४,००० आणि ८,०००. मोटार, घरसामान, बुडालेला पगार मागायचा तर निराळा वर्ग आणि निराळे पुरावे. भारतात हे अर्ज हाताळण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयात खास कुवेत कक्ष उघडला गेला. पैसे येण्यास वर्षे लागली. इराकने आपला शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये भरला. एकूण रक्कम ५२.४ अब्ज डॉलर.

माझ्या दृष्टीने या आयोगाचे मोल पैशापुरते नाही. ४८८ उड्डाणांची यादी विमान कंपनीकडे होती. रस्त्याची यादी कुणाकडेच नव्हती. कोण कोणत्या दिवशी निघाला, कोणत्या गाडीतून, किती जण, काय मागे टाकले, हे प्रथमच लिहून घेतले गेले ते या अर्जांत. चित्रपटाने ते काम केले नाही. २०१६ च्या 'एअरलिफ्ट'मध्ये एक नायक सर्वांना सोडवतो आणि सरकारी माणसे हात बांधून बसतात. परराष्ट्र मंत्रालयाने त्यावर जाहीर नाराजी दाखवली. प्रत्यक्षात मथुन्नी मॅथ्यूज यांच्यासारख्या तिथल्या काही भारतीयांनी समाजाला एकत्र ठेवण्याचे मोठे काम केले, आणि दिल्लीतल्या व अम्मानमधल्या अधिकाऱ्यांनीही केले. वाद या दोघांत श्रेय कुणाचे एवढ्यावर अडला. मोटार चालवणारा बाप आणि मागच्या आसनावर पाण्याचे झाकण मोजून उघडणारी आई या वादात कुठेच नाहीत. ज्यांनी तेव्हा चाळिशी गाठली होती ते आता ऐंशीला टेकले आहेत. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत असे कुणी असेल तर तारखा आणि गावांची नावे आजच उतरवून घ्या. जमल्यास खाली लिहाही, मी एकत्र करीत आहे.

काकांच्या अर्जाची प्रत मी पाहिली. कुवेत सोडल्याचा दिवस, बसऱ्यात एक रात्र, बगदादमध्ये दोन, सीमेवर सहा, अम्मानजवळ चार. मोटारीच्या रकान्यात बनावट, साल आणि नोंदणी क्रमांक नीट अक्षरात लिहिला आहे. सोबत नोंदणीच्या कागदाची छायाप्रत जोडलेली आहे. किल्ली जोडलेली नाही. ती कुणी मागितलीच नव्हती, असे काकू म्हणतात.